मंडळ मनकर्णाबाईंचं, नाव नारायणरावांचं

आमच्या डोणगावात सेंद्रिय शेतीचा एक गट होता. त्याचं रजिस्टर माझ्या अक्षरात आहे. मी इथल्या शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं होतं, म्हणून गावातला कुठलाही कागद फिरत फिरत माझ्याकडे यायचा. ते रजिस्टर मी लिहिलं याची मला अजून लाज वाटते. म्हणून ही हकीकत मुळापासून सांगतो.

मनकर्णाबाईंना गावात कोण ओळखत नाही? उंच, हाडकुळ्या, आणि आवाज असा की हातपंपावर बोलल्या तर फाट्यावर ऐकू जावं. नवरा नारायणराव मुका नव्हता, पण बायकोच्या मानानं मुकाच. अडीच एकर कोरडवाहू वावर. घरचं निंदण झालं की मनकर्णाबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायच्या.

दोन हजार सात साल असावं. बीटी कपाशीची पाकिटं येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि सगळं शिवार एकाच रंगाचं झालं होतं. आधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमधून बाया बरबटी म्हणजे चवळी टाकायच्या, अंबाडी टाकायच्या, धुऱ्याच्या बांधावर तीळ असायचा. निंदता निंदता घोळ, चिवळ, तांदुळजा ओटीत भरून घरी यायचा, संध्याकाळची भाजी व्हायची. बीटी आल्यावर फवारणी बंद होईल असं दुकानदार सांगत होते. झालं उलटंच. बोंडअळी थोडी दबली, तर मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी दर आठ-दहा दिवसांनी पंप पाठीवर चढू लागला.

त्या पावसाळ्यात मनकर्णाबाईंबरोबर निंदायला जाणाऱ्या मंजुळाबाईंनी नेहमीसारखी घोळ खुडून नेली. दोन दिवसांपूर्वी त्या वावरात फवारलं होतं, हे मालकानं कुणाला सांगितलंच नव्हतं. रात्रीतून उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडातून लाळ. मेहकरच्या दवाखान्यात चार दिवस काढले तेव्हा बाई वाचल्या. पाचव्या दिवशी मनकर्णाबाई त्या मालकाच्या दारात उभ्या राहिल्या.

"फवारलं होतं तं सांगाले काय जीभ झडली होती तुमची?"

मालक खाटेवर बसूनच म्हणाला, "माह्या वावरात चरायले कोनं सांगतलं होतं तिले?"

चरायला! ढोरासारखं. मनकर्णाबाई मला सांगायच्या, "गुरुजी, तो शब्द अजून माह्या कानात हाये. मी तिथंच म्हनलं, आजपासून तुह्या वावरात माह्यं पाऊल नाई." आणि खरंच, त्या वावरात त्या पुन्हा गेल्या नाहीत. रोजी बुडाली तरी गेल्या नाहीत.

बायांचं मंडळ सुरू झालं ते त्या रागातून. घरामागं हातपंपाचं सांडपाणी जिथं वाहून चिखल व्हायचा, तिथं त्यांनी दोन वाफे केले. शेणखत, राख, पालापाचोळा. मेथी, तांदुळजा, वाल, दोडका. मंजुळाबाईंनी केलं, मग नसीमानं केलं. नसीमाचे यजमान गफ्फारभाई शिवणकाम करायचे आणि दीड एकरात कपाशी लावायचे. दोन वर्षांत अकरा बाया झाल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ओसरी मोकळी असायची, तिथं त्या बसू लागल्या. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अशी.

सभासद व्हायला फॉर्म नव्हता, फी नव्हती. यायचं असेल तिनं स्वतः राखलेलं मूठभर बियाणं आणायचं आणि सगळ्यांना वाटायचं. पाकिटातलं चालत नसे. दर शनिवारी सगळ्याजणी एकीच्या परसात जाऊन दोन तास राबायच्या, पुढच्या शनिवारी दुसरीच्या. आणि सगळ्यांत कडक अट म्हणजे घरात विषाचा डबा ठेवायचा नाही. कुणाकडे आढ्याला टांगलेला असायचा, कुणाकडे पिठाच्या डब्याशेजारी. तो वावरातल्या कोठ्यात, कुलपात गेला पाहिजे. शिवाय त्याला 'औषध' म्हणायचं नाही. जिच्या तोंडून औषध निघेल तिनं त्या दिवशी एक वाफा जास्तीचा खुरपायचा.

"जे पेल्यानं मानूस मरते त्याले औषध म्हनायचं शिकवलं कोनं आपल्याले?" मनकर्णाबाई विचारायच्या. "इकनाऱ्यानंच ना?"

डब्यावरून घराघरात भांडणं झाली. नसीमानं डबा तीनदा वावरात नेला, गफ्फारभाईंनी तीनदा परत आणला. चोरीला जाईल म्हणत होते. चौथ्यांदा तिनं तो त्यांच्या शिलाई मशीनवर आणून ठेवला आणि जवळ ताट वाढलं. "आता ह्याच्यासंगंच जेवा," म्हणाली. गफ्फारभाईंनी त्याच आठवड्यात वावरात पत्र्याची पेटी बसवली.

दोन हजार चौदापर्यंत त्रेचाळीस बाया झाल्या होत्या. शाळेच्या मागं एक जुना ड्रम होता, त्यात त्या दशपर्णी अर्क कुजवायच्या. कडुनिंब, रुई, सीताफळ, करंज, निरगुडी असा दहा झाडांचा पाला, गोमूत्र आणि शेण. महिनाभर रोज काठीनं ढवळायचं. वास असा की माझी चौथीची पोरं नाक दाबून पाढे म्हणायची. पण त्या पाण्यानं दोडक्यावरची अळी जायची, हे मी पाहिलंय. माझ्या घरचीही भाजी तिथूनच यायची.

मग शासनाची योजना आली. पन्नास शेतकऱ्यांचा सेंद्रिय गट करायचा, तीन वर्षं ड्रम, गांडूळखताचे बेड, प्रशिक्षण, प्रमाणपत्र असं सगळं मिळणार होतं. कुणाला आधी कळलं असेल? तुळशीरामला. हमरस्त्यावर त्याचं कृषी केंद्र. बीटीची पाकिटं तो विकायचा, फवारणीचं विष तो विकायचा, तणनाशक तो विकायचा. बायांच्या मंडळाला 'पालापाचोळा कंपनी' म्हणून हसणाराही तोच. त्यानं कृषी खात्याच्या साहेबांना सांगितलं, "आमच्या गावात सेंद्रियचं काम सात वर्षांपासून चालू हाये. मंडळ तयारच हाये."

ग्रामपंचायतीत बैठक भरली. बाया पुढं येऊन बसल्या, धुतलेली लुगडी नेसून. मनकर्णाबाईंनी बारा जातींचं बियाणं पुरचुंड्यांत बांधून आणलं होतं. साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी पुरचुंड्या पाहिल्या, वा वा म्हणाले, आणि मग म्हणाले, "सभासद शेतकरी पाहिजे. प्रत्येकानं सातबारा आणा."

त्रेचाळीस बायांपैकी एकीच्याही नावावर सातबारा नव्हता. जन्मभर ज्या वावरात वाकल्या त्या वावराच्या कागदावर कुणाचा नवरा, कुणाचा सासरा, कुणाचा दीर. केसरबाईंचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी वावर दिराच्याच नावावर. मागं भिंतीला टेकून उभे असलेले पुरुष एकेक करून पुढं सरकले.

आणि मी लिहायला बसलो. पन्नास नावं. पन्नासच्या पन्नास पुरुष. त्यातल्या चाळिसांनी तरी जन्मात दशपर्णीची काठी हातात धरली नव्हती. अध्यक्ष तुळशीराम. सदतिसाव्या ओळीवर मी नारायणरावांचं नाव लिहीत होतो, तेवढ्यात मनकर्णाबाई टेबलाजवळ आल्या.

"गुरुजी, माह्यं नाव कितव्या नंबरले हाये?"

मी चष्मा पुसत म्हणालो, "सध्या नारायणरावांचं टाकलंय बाई. घर तर एकच ना."

"हो का? मंग जेवाले बी त्यायलेच वाढा. दोघायचं."

त्या गेल्या. पुरचुंड्या टेबलावरच राहिल्या. तुळशीरामनं त्या उचलून खिशात टाकल्या, साहेबांना भेट द्यायला.

घरी काय झालं ते नारायणरावांनीच मला नंतर सांगितलं. बाईंनी फक्त विचारलं, "सही काऊन केली?" हे म्हणाले, "त्यायनं मागतली, मी देल्ली." त्यानंतर सतरा दिवस बाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वेळेवर मिळायची, पाणी मिळायचं, शब्द मिळत नव्हता. "गुरुजी, शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी जिल्ह्याहून पाहणी आली. दाखवायला होतं काय? गटाच्या पुरुषांच्या एकेक एकरावर हिरव्या पाट्या लागल्या होत्या, आणि त्याच वावराच्या दुसऱ्या अंगाला बीटीवर पंप चालू होते. वारा इकडून तिकडं वाहायचाच. म्हणून तुळशीरामनं पाहुण्यांना सरळ शाळेमागं आणलं. मनकर्णाबाई अर्क ढवळत होत्या. फोटोवाला आला तसा तुळशीराम म्हणाला, "बाई, काठी द्या जरा. फोटोपुरती." त्यांनी दिली. का दिली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. सवयीनं दिली असेल. आपल्या बाया वस्तू मागितली की देतात.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीवर मोठा फ्लेक्स लागला. तोंडाला रुमाल बांधलेला तुळशीराम काठी धरून उभा, आजूबाजूला आठ-दहा बाया. खाली लिहिलेलं : 'महिलांना दशपर्णी अर्काचे प्रशिक्षण देताना गटाचे अध्यक्ष'.

मनकर्णाबाईंना वाचता येत नव्हतं. नसीमाच्या सुनेनं, यास्मीननं, वाचून दाखवलं. बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे आल्या. मला वाटलं आरडाओरडा करतील. त्या हळूच बोलल्या, ते जास्त वाईट होतं.

"मले शिकवून राह्यला तो? सात वर्सं माह्या हाताचा वास गेला नाई गुरुजी. पोराच्या लग्नात मले लोकं बाजूले बसवे वासानं. अन् तो मले शिकवते?" मग म्हणाल्या, "सातबाऱ्यावर बाईचं नाव लागते का हो? कायद्यात हाये का?"

होतं. नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, तसा शासनाचा निर्णय कितीतरी वर्षं जुना आहे. मला तो माहीत होता. सात वर्षं त्या माझ्या ओसरीवर बसत होत्या आणि मी त्यांना हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. असला मी मास्तर.

नारायणरावांनी अर्जावर सही केली. या वेळी कुणी मागायच्या आत केली. पण कागद काय असा हलतो? तलाठी कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगला. कधी ऑनलाइन बंद. "एवढी काय घाई हाये बाई, मालक जिवंत हायेत ना?" असं एका कारकुनानं तोंडावर विचारलं. बाई म्हणाल्या, "ते जिवंत हायेत तोवरच पाह्यजे. मेल्यावर तं भीक बी मिळते." फेरफार मंजूर व्हायला चौदा महिने लागले. चौदा महिने त्या आणि नारायणराव जीपगाडीत बसून चकरा मारत होते, आणि इतक्या वर्षांत बोलले नसतील तेवढं त्या जीपमध्ये बोलले, असं नारायणराव सांगतात.

सातबारा हातात आला तेव्हा दोन हजार सतराचा दिवाळीनंतरचा महिना होता. त्या साली गुलाबी बोंडअळीनं बीटी आतून पोखरली. बोंड वरून साजरं, फोडलं की किडकं. यवतमाळकडे फवारताना माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या आणि इकडे तुळशीरामच्या दुकानात आणखी जहाल काहीतरी मागायला रांग लागली होती. त्याच आठवड्यात गटाची बैठक होती. तीसेक पुरुष हजर. मनकर्णाबाईंनी कागद टेबलावर ठेवला.

तुळशीराम वाचून म्हणाला, "साजरं झालं. पन एका सातबाऱ्यावर एकच सभासद. नारायनरावचं नाव आधीच हाये."

लोक हसले. तेव्हा कोपऱ्यातून नारायणराव उठले. भर बैठकीत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "माह्यं नाव काटा गुरुजी. मले त्यातलं काई समजत नाई. तिले समजते."

मी सदतीस नंबरवर रेघ मारली. शेजारी लिहायला लागलो, 'मनकर्णा', तर त्या म्हणाल्या, "मनकर्णाबाई लिवा." तसंच लिहिलं.

मग त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंडळाची पयली अट होती, घरात विषाचा डबा नाई. ती अट लिवून घ्या. अन् ज्याचं विषाचं दुकान हाये तो मंडळाचा अध्यक्ष राहू शकत नाई, हे बी लिवा."

तुळशीराम उसळला. "बाई, हे शासनाचं मंडळ हाये. तुमच्या परसातली भाजी नाई!"

"भाजीच हाये. तुमी फोटो त्याच भाजीचा काढला."

हात वर करून मत घेतलं. बाईंच्या बाजूनं तीन हात. एक त्यांचा, एक गफ्फारभाईंचा, आणि तिसरा गोपालचा. गोपाल तुळशीरामचाच चुलतभाऊ. फवारताना पाठीवर पंप गळून त्याची कातडी सोलून निघाली होती, अजून उताणं झोपता येत नव्हतं. बाकीच्यांचे हात खालीच राहिले. त्यातल्या कितीतरी जणांच्या बायका दर शनिवारी मंडळात होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सोडून द्या बाई आता. तुमचं शनिवारचं आहेच की."

त्या माझ्यावरच भडकल्या. "सोडू काऊन? मी काय चोरी केली? त्यायनं सोडावं!"

त्यांनी सोडलं नाही. मग बैठकीची खबर त्यांना मिळेनाशी झाली. बैठका तुळशीरामच्या दुकानात होऊ लागल्या. बाई तिथंही जाऊन खताच्या पोत्यांवर बसायच्या आणि दर वेळी तेच दोन मुद्दे मांडायच्या. शेवटी बैठकाच बंद झाल्या. तीन वर्षांची योजना संपली, हिरव्या पाट्या गंजल्या. गटाला मिळालेले वीस निळे ड्रम तुळशीरामच्या गोदामात पडून राहिले. लग्नाकार्यात तो पाण्यासाठी द्यायचा. बायांकडे मात्र अजून तोच एक फुटका ड्रम. ड्रम द्यावेत म्हणून बाईंनी माझ्याकडून तीन अर्ज लिहून घेतले. उत्तर एकाचंही आलं नाही.

एका शनिवारी दुपारी बाया ओसरीवर बसल्या नाहीत. चाळीस-बेचाळीस जणी सरळ गोदामावर गेल्या. दार उघडं होतं, हमाल माल उतरवत होते. कुणी काही बोलायच्या आत एकेका ड्रमला दोघी-दोघी लागल्या आणि हमरस्त्यावरून ड्रम लोटत निघाल्या. गडगडाट असा की दुकानांतली माणसं बाहेर आली. मेहकरची एसटी थांबली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा विसरला. पुढं मनकर्णाबाई, मागं नसीमा, आणि सगळ्यांत मागं दम लागलेल्या मंजुळाबाई, रिकाम्या हातानं, पण चालत होत्या.

तुळशीरामनं पोलीस बोलावले. जमादार शाळेपाशी आला. "गोदामातून माल उचलला म्हणतात तुम्ही?"

"माल कोनाचा हाये, ते इचारा त्याले," बाई म्हणाल्या.

"गटाचा आहे," तुळशीरामला म्हणावंच लागलं. माझा म्हणाला असता तर शासनाचा माल घरात ठेवला असं झालं असतं.

"मंग मी गटाची सभासद हाये. गटाचा माल गटाच्या जागेवर नेला. गुरुजी, रजिस्टर आना."

मी धावत जाऊन आणलं. जमादारानं पान काढलं, नाव वाचलं, बाईंकडे पाहिलं, तुळशीरामकडे पाहिलं. "तुमचं आपसातलं आपसात पाहा," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

तुळशीराम अजून दुकान चालवतो, अजून तेच विकतो, आणि गावात त्याला मान आहे. त्याचं काही वाकडं झालं नाही. तो फ्लेक्स दोन पावसाळे टिकला. ज्या मालकानं मंजुळाबाईंना ढोर ठरवलं, तो पुढे सरपंच झाला.

पण निळे ड्रम शाळेमागं रांगेत उभे आहेत. मनकर्णाबाईंनंतर नऊ जणींनी सातबाऱ्यासाठी अर्ज केले. सहा जणींची नावं लागली, दोघींच्या नवऱ्यांनी ऐनवेळी सह्या नाकारल्या. केसरबाईंचा दीर तर अजून आम्हाला दारात उभं करत नाही. मनकर्णाबाई प्रत्येकीबरोबर तलाठ्याकडे जातात. मी आता निवृत्त झालोय, अर्ज लिहायला मीही जातो. मागच्या सोमवारी केसरबाईंचा कागद चौथ्यांदा परत आला. बाहेर पायरीवर बसून मनकर्णाबाईंनी तो घडी घालून कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "पाचवा लिवा गुरुजी. अन् या बारीनं अक्षर जरा मोठं काढा."